होडीतली पुढची जागा

बायको गेली त्या वर्षी मुलानं आमची होडी विकून टाकली. मला विचारलं, पण विकल्यावर. दोघांनी चालवायची होडी ती, एकट्याला आवरणारी नव्हती, म्हणून मी भांडलो नाही. पण घरात बसणं मला जमेना. सकाळी उठलो की हातांना काही काम नाही. सून चहा द्यायची, तो गार व्हायचा. असाच बसून राहिलो तर वर्षभरात मीही जाणार, हे मला समजत होतं.

मी मुलाला म्हटलं, "मला एक बारकी होडी पायजे. पनवेलच्या खाडीतच फिरीन. भरतीला जोर नसतो त्याच दिवसांत जाईन."

मुलगा भाताच्या गिरणीत कामाला होता. दमून आलेला. म्हणाला, "बाबा, एकटे जाऊ नका."

"मग कोणाला नेऊ? तुजी आई मेली."

मी असाच बोलतो.

होडी बघायला निघालो तेव्हा एक गोष्ट कळली, जी जन्मभर पाण्यात काढून मला कळली नव्हती. आमच्या होडीत मी मागं बसून वल्हं मारायचो. बायको पुढच्या टोकाला बसायची, पाठ पाण्याकडं, तोंड माझ्याकडं, मांडीवर जाळं. चिंबोऱ्या सोडवताना तोंड चालूच. मला पुढचं काही दिसायचं नाही.

"तुजं डोस्कं मदी येतंय, जरा सरक."

"माज्याकडं बघायचा कंटाला आला काय तुमाला? बगा मग काठाची तिवरं."

ती काही सरकायची नाही. मग मीच मान डावीकडं वाकडी करून वल्हवायचो. ती वाकडी मान पुढं जमिनीवरसुद्धा राहिली. बाजारात पोरं मागून नक्कल करत चालायची.

आता पहिली होडी बघितली ती बंदराजवळची, आंब्याच्या लाकडाची, नवी. मागं बसलो तर तिचं नाक आभाळात. काठावर जाळी विणणारे बसले होते, त्यातला एक ओरडला, "काय रं म्हाताऱ्या, आभालातली मासली धरतोस काय?" सगळे हसले. दुसरी होडी बघितली, तीच गत. तिसरी, तीच. मी मागं बसलो की पुढचा भाग उचलायचा. इतकी वर्षं आमची होडी सरळ चालली ती पुढं तिचं वजन होतं म्हणून.

होड्या बांधणारा सुतार म्हणाला, "एवढंच ना? पुढं एक धोंडा ठेव. बाईमाणसाच्या वजनाचा."

मी घरामागचा धोंडा उचलून नेला. तिसऱ्या होडीत पुढं ठेवला. होडी सरळ झाली. मी दहा-बारा वल्ही मारली आणि समोर बघितलं. तिच्या जागी धोंडा बसला होता. मी परत फिरलो आणि धोंडा काठावर टाकून दिला.

मुलाला ते कळलं. तो म्हणाला, "आता शेवटचीच होडी बघा. धोंड्याशिवाय सरळ बसली तर घ्या. नाय बसली तर पाण्याचं नाव काढायचं नाय. बोला, कबूल?"

कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेवटची होडी खाडीच्या आतल्या अंगाला होती, एका म्हाताऱ्या मुसलमानाची. त्याचे गुडघे गेले होते. दुपारची वेळ होती, पाणी ताटात ओतल्यासारखं. चिखलात एरवी निवट्या उड्या मारतात, त्या दिवशी एकही हलत नव्हती. वारा नव्हता. बगळे उभे होते, तेही सगळे एकीकडं तोंड करून, त्या होडीकडं.

म्हातारा आधीच म्हणाला, "भाई, झूट कशाला बोलू? ही एकट्याला नाक वर करते. मी पुढं धोंडा ठेवतो." पुढच्या फळीखाली त्याचा धोंडा होता.

"तो काढा," मी म्हणालो. "धोंडा असला तर मला नको."

त्यानं कुरकुरत धोंडा काढून चिखलात टाकला. मी मागं जाऊन बसलो. होडी सरळच राहिली. मी वल्हं मारलं, ती सरळ निघाली, पाण्यावर रेघ ओढावी तशी. थोडं पुढं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी मान डावीकडं वाकडी करून बसलोय. समोर काहीच नव्हतं. तिवरं, पाणी, सगळं उघडं. तरी मला मान सरळ करावीशी वाटेना. सरळ केली तर काहीतरी मध्ये येईल असं वाटत होतं, आणि नाही आलं तर ते त्याहून वाईट.

काठाला आलो. मी उतरलो तसं होडीचं नाक खाली गेलं, पाण्याला टेकायला आलं, आणि तसंच राहिलं. मग हळूच वर आलं.

म्हातारा बघत होता. त्यानं टोपी सारखी केली, तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं. म्हणाला, "माझ्याखाली कधी अशी बसली नाही. घेऊन जा. मला काही विचारू नको."

मी विचारणार नव्हतोच.

घरी आणली तेव्हा सुनेनं होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पण मुलाचा विश्वास बसेना. धोंड्याशिवाय सरळ बसणारच नाही, बाबा थापा मारतायत, असं तो सुनेला म्हणाला. एका सुट्टीच्या दिवशी म्हणाला, "मीच येतो, बघतो."

मी मागं बसलो होतो. तो पुढून चढला आणि सरळ पुढच्या टोकाला टेकला. होडीचं नाक एकदम बुडालं, पाणी आत आलं. तो उडी मारून मध्ये आला.

"बाबा! पुढं धोंडा हाय."

"बघ की."

त्यानं फळीखाली हात घातला, कोपरापर्यंत चाचपलं. कोरडं लाकूड. तोपर्यंत होडी सरळ झाली होती. तो मध्येच बसला, माझ्याकडं तोंड करून. पूर्ण फेरीभर मागं वळून बघितलं नाही. एकदाच म्हणाला, "तुमची मान वाकडी झालीय."

"माहीत हाय," मी म्हणालो.

परत आलो. तो उतरला, मी उतरलो. मी दोरी बांधायला वाकलो आणि बघतो तर तो गुडघाभर चिखलात उभा, दोन्ही हातांनी होडी धरून. लहानपणी आई उतरेपर्यंत धरायचा, तशी. नाक खाली होतं. तो तसाच उभा राहिला. मग नाक वर आलं, तेव्हा त्यानं हात सोडले.

एकटे जाऊ नका, हे त्यानंतर त्यानं मला कधी म्हटलं नाही.