प्रागमध्ये पपांसाठी मागताना

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांत एक समजूत आहे. एखाद्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं की तीन गोष्टी मागायच्या, त्या मिळतात. आम्ही राहतो मस्कतला, तिथे आमचं जाणं एकाच चर्चमध्ये. तिथल्या माझ्या तिन्ही मी लहानपणीच, बहुतेक सायकलवर, संपवल्या होत्या.

पपा रुसैलच्या कारखान्यात कामावर असताना कोसळले, ते हॉस्पिटलमध्ये अजून शुद्धीवर आले नव्हते. कॉलेजची प्रागची सहल त्याआधीच ठरली होती. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, शिकते आर्किटेक्चर. मी जात नाही म्हटलं तरी वादी अदाईच्या आमच्या घरात आई माझी बॅग भरतच राहिली.

"इथे बसून तू काय डॉक्टर होणारेस? तिथे पावलापावलावर जुनी चर्च आहेत म्हणतेस ना? तुला सगळी नवीनच. प्रत्येकात तिन्ही पपांसाठी माग. मध्येच परीक्षेचं घुसडू नको."

मी गेले. बाकीची मुलं कमानींची चित्रं काढायची तेव्हा मी मागच्या बाकावर गुडघे टेकायचे. बऱ्याच चर्चच्या दारात तिकिटं होती, आत सगळे फोटो काढणारे. अशा ठिकाणी मागितलेलं चालतं का, मला नक्की ठाऊक नव्हतं. तरी मागितलं.

"यल्ला, चल ना, अजून किती?" माझी ओमानी मैत्रीण म्हणाली. "नन व्हायला आलीस का?"

मी कारण सांगितलं. त्यानंतर ती दाराशी माझी बॅग धरून उभी राहू लागली.

मग सरांनी आम्हाला ज्यूंच्या जुन्या वस्तीतल्या एका सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, नेलं. सवयीने मी मनात सुरुवातही केली. आणि भिंती दिसल्या. वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरांत नावंच नावं, नाझींनी मारलेल्या माणसांची. एकेका घरातली माणसं एकापुढे एक. यांच्यासाठीही कुणीतरी, कुठेतरी, मागितलंच असणार. माझं वाक्य अर्धंच राहिलं. मी बाहेर आले.

संध्याकाळी आईचा फोन हॉस्पिटलमधून आला.

"आज किती झाली?"

"दोन चर्च. आणि एक सिनेगॉग."

"तिथे मागितलंस?"

"नाही गं. नाही जमलं." मी तिला भिंतींबद्दल सांगितलं.

तिच्या मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"डॉक्टर म्हणाले, आता नुसती मशीन चाललीय," ती म्हणाली. "उद्या देवाला सांग, त्यांना आता सोडव. तिन्ही वेळा तेच."

"तू माग ना, आई."

"मी इथे नवीन चर्च कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामच्या थांब्याजवळ एक लहान चर्च दिसलं. दारात तिकीट नव्हतं. आत चार-पाच म्हाताऱ्या बायका, आणि मला न कळणाऱ्या भाषेत मिस्साची प्रार्थना चालू. आईने सांगितलं तसं मी एकदा मागितलं. दुसऱ्यांदाही मागितलं, पण फार हळू. तिसऱ्या वेळी मी देवाशी बोललेच नाही. पपांना म्हटलं, मी येईपर्यंत थांबा.

ते थांबले नाहीत. मस्कतला उतरले तेव्हा आई एकटीच न्यायला आली होती. टॅक्सी हॉस्पिटलच्या रस्त्याला वळली नाही, सरळ घराकडे गेली.