एका ओट्यावरची साक्ष

"आठ जणाईले इचारलं तुमी, कबूल. पण ओटा त एकच होता न, भाऊ. अन् थोबी नत्थुजीचा. च्या त्याचा, सुपारी त्याची, मंग जबानी कोनाची राहीन?"

भगवंतराव लिहिता लिहिता थांबला. मैनाबाई वांग्याच्या वाफ्यात उकिडवी बसून किडकी वांगी खुडत होती आणि त्याच्याकडे न पाहता बांधावर भिरकावत होती. पानं दुपारच्या आतच मान टाकत होती. दिवाळीनंतर तिच्या वाडीला विहिरीचं पाणी नव्हतं.

पातूरच्या अलीकडचं गाव, सन छत्तीसचा फाल्गुन. माळ्यांच्या तीन सामायिक विहिरी, आणि प्रत्येक घराची मोट चालवायची बारी ठरलेली. मैनाबाईचा नवरा पुंजाराम दिवाळीत ताप येऊन गेला. त्याची सकाळची बारी चुलतदीर नत्थुजीनं आपल्या बैलांखाली घेतली. रांडव बाईची विहिरीवर बारी नसते, ही आपली वहिवाट, असं तो म्हणाला आणि साऱ्यांनी ऐकून घेतलं. मैनाबाईनं नाही घेतलं. अकोटाहून अकरा वर्षांची लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं कोणाचं फारसं ऐकून घेतलेलं नव्हतं. तिच्या वांग्यांना अकोल्याच्या जुन्या शहरात गिऱ्हाईक नाव घेऊन यायचं, आणि तिच्या जिभेला गाव टरकून असायचं. ती पायी बाळापूर तहसीलीत जाऊन उभी राहिली.

तहसीलदाराला माळ्यांची वहिवाट काय ठाऊक? त्या दिवसांत अमरावतीच्या कॉलेजातून शिकून निघालेला भगवंतराव गावोगाव हिंडून विहिरींचे रिवाज लिहून काढत होता. तो लिहून आणेल त्यावर निकाल देऊ, असं तहसीलदारानं सांगून टाकलं. भगवंतराव आला तो नत्थुजीकडं उतरला. तिथंच आठ जणांना बसवून त्यानं विचारलं, विधवेला बारी असते का? आठही जण नाही म्हणाले. त्याचं काम एका दुपारीत आटोपलं होतं.

"वहिवाट काय हाये असं इचारलं का मानूस वहिवाट सांगते," मैनाबाई म्हणाली. "काय झालं थे इचारा. फलान्याचा नवरा मेला, तवा दाहाव्याले नाडा कोनाच्या हाती देला? एकेकाले इचारा, त्याच्या वाडीत जाऊन, त्याचे हात कामात असतानी. अन् जे मानूस तुमच्यापुढं कोनी आनून बसवलं नाई, त्याले आधी इचारा."

दहाव्याला नदीवरून आल्यावर विहिरीचे सारे भागीदार बैल मोट ओढतात त्या धावेवर जमायचे आणि मेलेल्याच्या मोटेचा जाड नाडा त्याची बारी घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. तो ज्याच्या हाती, त्याचं पाणी. लिहिणं नव्हतं, अंगठा नव्हता. पुंजारामच्या दहाव्याला तो नत्थुजीनं स्वतःच उचलून खांद्यावर टाकला होता.

आणखी एक गोष्ट तिनं वदवून घेतली. लिहिलेलं सारं बाळापूरला नेण्याआधी चावडीवर सगळ्यांपुढं वाचून दाखवायचं. मधल्या मधे कोणी शाई फिरवली तर आपल्याला काय कळणार, असं तिचं म्हणणं.

भगवंतराव मूर्ख नव्हता. त्यानं ती आठ पानं फाडली नाहीत, पण त्यांच्यावर आडवी रेघ ओढली आणि नत्थुजीच्या घरून बिऱ्हाड काढून मारुतीच्या पारावर नेलं. मग पंधरा दिवस तो धोतर खोचून वाड्यावाड्यांतून हिंडला. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्यांपुढं बसला, मिरच्या तोडणाऱ्यांच्या मागं ओळीनं चालला. वरच्या विहिरीवरची म्हातारी पार्बताबाई लसूण निवडता निवडता म्हणाली की तिचा नवरा प्लेगात गेला, नाडा तिच्याच हाती दिला, आणि लेक हाताशी येईपर्यंत मोट तिनं हाकली. आणखी दोघींचं तसंच निघालं. गावाची वहिवाट नत्थुजीच्या ओट्यावर एक होती आणि वाड्यांत भलतीच.

मैनाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नत्थुजी दिसला की ती थांबून बोलायची. बैलाईले दुसरं काम पाहून ठेवा, म्हणायची, बसून खातीन बिचारे.

भगवंतराव आता तिनं शिकवलं होतं ते सोडत नव्हता. प्रत्येकाकडून उठताना तो विचारायचा, कोण राहिलं? पार्बताबाईलाही विचारलं. तिनं लसणावरून नजर काढली नाही. "शकुन राह्यली. तिचं नाव कोनी सांगतलं नसन तुमाले."

शकुन म्हणजे मैनाबाईची धाकटी जाऊ, पुंजारामच्या भावाची, जानरावची बायको. जानराव जाऊन अकरा वर्षं झाली होती. भावाभावांच्या वाटण्या होऊन बाऱ्याही वेगळ्या झालेल्या होत्या. आता ती गावाबाहेर कुडाच्या खोपटात राहायची आणि दुसऱ्यांच्या वाड्या निंदायची. मैनाबाईनं तिचं नाव लपवलं नव्हतं. ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नत्थुजीनं आपलं पाणी घेतलं ती तिच्या लेखी वहिवाटीची गोष्ट. शकुनचं झालं तो घरातला मामला.

चावडीवर गाव जमलं. भगवंतरावानं आधी पार्बताबाईचं वाचलं. म्हातारीनं मान हलवली. दुसऱ्या दोघींचं वाचलं. मैनाबाई खांबाला टेकून नत्थुजीकडं बघत होती. मग त्यानं पान उलटलं आणि शकुनचे शब्द जसेच्या तसे वाचले.

"जानरावच्या दाहाव्याले नाडा माह्या हाती देला. माह्या जाऊनं थो वढला. म्हने, रांडव बाईची बारी नसते. म्या सोडला नाई, त तिनं माह्या बोटाईवर पाय देला."

मैनाबाई खांब सोडून पुढं आली.

"खोटं हाये थे," मैनाबाई म्हणाली.

भगवंतरावाला राग आला नाही. त्यानं पुढची पानं काढली. त्या दहाव्याबद्दल त्यानं चौघांना चार दिवशी चार वाड्यांत विचारलं होतं, एकाचं दुसऱ्याला कळू न देता. एकानं मैनाबाईच्या लुगड्याचा रंग सांगितला, हिरवा. एकानं सांगितलं की पुंजाराम मोट ओततात त्या थारोळ्यातल्या पाण्याकडं पाहत उभा होता. तिसऱ्यानं ती काय बोलली ते सांगितलं, अक्षर न बदलता. पार्बताबाईनं सांगितलं की शकुनला चिखलातून तिनं उचललं.

"तुम्हीच सांगितलं तसं विचारलं, बाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. झालेल्या कामाची धन्यता होती, आणि तीच जास्त बोचली.

नत्थुजीनं तंबाखू मळली. "वैनी, आता बैलाईले कोनतं काम पाहू?" लोक हसले. तिच्या जिभेचे फटके खाल्लेले जास्त हसले.

मैनाबाई शकुनकडं वळली. तू माह्यावर असा डाव धरशीन असं वाटलं नव्हतं, म्हणाली. शकुन दारापाशी विळा मांडीवर ठेवून बसली होती.

"डाव कायचा, जाऊबाई? तुमची बारी जावो असं म्या म्हनतलं नाई. अकरा वर्सात मले पयल्यांदा कोनी इचारलं. म्या सांगतलं."

बाळापूरचा निकाल आठ दिवसांत आला. वहिवाट एकसारखी नाही. शिवाय जी मागते तिनंच अशी बारी मोडल्याचं पुराव्यात आहे. सबब चालू आहे ते चालू राहावं. चालू होते नत्थुजीचे बैल. जानरावची बारी पुंजारामच्या बारीत मुरली होती, तीही त्याच बैलांखाली गेली. शकुनला काही द्यावं असं निकालात नव्हतं, कारण तिनं काही मागितलंच नव्हतं.

भगवंतराव निघताना वाडीत आला. आपल्या साऱ्या कामात हेच गाव सर्वांत चोख उतरलं, असं त्यानं तिला सांगितलं. विचारण्याची ही रीत तो पुस्तकात लिहिणार होता. तिचं नाव घातलं तर चालेल का, असंही विचारलं.

"पानी भेटन का त्यात?"

त्यानं कागद पिशवीत घातले. मग बैलगाडीकडं गेला.

मैनाबाईनं दोन घागरी घेतल्या. नदीच्या रेतीत झिरा उकरलेला होता, तिथवर अर्धा कोस. झिऱ्यात पाणी भरायला वेळ लागायचा, तोवर ती उन्हात बसून राहायची. दोन घागरींत सारी वाडी जगणार नव्हती. तिनं विहिरीकडच्या सात ओळी सोडून दिल्या. नदीकडच्या दोन धरल्या, कारण त्यांना फूल होतं. बांधावरून बाया नत्थुजीच्या वाडीत निंदायला चालल्या होत्या, त्यांत शकुन होती. ती थांबली नाही आणि मैनाबाईनंही मान वर केली नाही. तिनं वाटीनं पहिल्या झाडाच्या बुडाशी पाणी घातलं, माती ओढून घेतली, आणि घागर दुसऱ्या झाडाकडं सरकवली.