अप्पांनी हात दिला

इकडं कन्नड मुलखात, तारिहाळच्या कारखान्यात मी अकरा वर्षं मस्टर सांभाळलं. माझ्या दारावर ‘एचआर’ अशी पाटी होती, पण कामगार मला हजेरीवाले सर म्हणायचे, आणि तेच खरं होतं. हजेरी, रजा, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय. या सगळ्याच्या बुडाशी काम एकच, संशय घेणं. आजारपणाचं सर्टिफिकेट आलं की आधी डॉक्टरचा शिक्का उजेडाला धरायचो, मग काय झालंय ते विचारायचो. कधी कधी विचारायचोही नाही.

आज लिहितोय ते मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

एकदा मालकांच्या लक्षात आलं की मस्टरवर माणसं त्रेसष्ट आणि कँटीनमध्ये ताटं साठ. रोज. त्यांनी मला आत बोलावलं.

"तीन भुतं कामाला आहेत आपल्याकडं," ते म्हणाले. "मस्टर तुझ्याकडं. मग भुतं कुणाची?"

हसतच म्हणाले. ते हसणं मला ओळखू आलं, कारण कामगारांशी मीही तसंच हसायचो.

त्या दिवसापासून मी खिडकीत बसून अंगठ्याच्या मशीनवर नजर ठेवली. कोण कुणाच्या मागं उभं राहतं, कोण दोनदा वळतं. आठवड्याभरात एक बाई सापडली. मशीनपाशी थांबायची, बोट टेकवायची, मान हलवायची आणि आत जायची. मशीनमध्ये तिची नोंद नाही, पण मस्टरवर रोजची हजेरी, पेनानं भरलेली. भरणारे सुपरवायझर म्हणजे वयस्क कन्नड गृहस्थ. त्यांना सगळा कारखाना अप्पा म्हणायचा.

ती बाई सहा वर्षं ओतीव पार्टच्या कडा पॉलिशपेपरनं घासत होती. आमच्या शेडमध्ये घरी मराठी बोलणारी आम्ही दोघंच, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला अण्णा.

"मशीन बोट घेतंय कुठं, अण्णा?" तिनं दोन्ही पंजे पुढं केले. "घासून घासून गुळगुळीत झालीत. लेक म्हणते, आई, तू चोरी केलीस तर सापडायची नाहीस."

मी हसलो नाही. त्यातला चोरी हा शब्द तेवढा उचलला.

खरं तर हे तिनं आधीही सांगितलं होतं, तेही लिहून. बोटाऐवजी कार्ड द्या, असे तीन अर्ज. अर्जाची पोच देणं, दुसरी सोय करणं हे माझंच काम. पण कार्डाला मालकांची सही लागायची, आणि खर्चाचा कागद घेऊन त्यांच्यापुढं जायचं मी टाळायचो. तिन्ही अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये चहाच्या कुपनांखाली पडले होते.

मी मालकांना तिचं नाव दिलं आणि चौकशी लागली. बाहेरचे एक वकील चौकशी अधिकारी म्हणून आले. त्यांना मराठीचा गंध नव्हता. अक्काला कन्नड चांगलं यायचं, पण त्या खोलीत घाबरून ती मराठीतच बोलायला लागली. म्हणून दुभाष्या मी.

वकिलांनी विचारलं, मशीन बोट घेत नव्हतं तर हजेरी लागली कशी?

"अप्पांनी हात दिला, म्हणून लागली," ती म्हणाली.

"एनंताळ्री?" काय म्हणते, असं वकिलांनी मला विचारलं.

"कै कोट्टरंत," मी म्हणालो. शब्दाला शब्द. हात दिला.

इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मराठीत हात दिला म्हणजे मदत केली, कन्नडात कै कोट्टरु म्हणजे दगा दिला. वकील बुचकळ्यात पडले.

"म्हणजे सुपरवायझरनं हिला फसवलं म्हणते?" त्यांनी कन्नडात विचारलं. मग स्वतःचा पंजा टेबलावर दाबून दाखवला. "का मशीनवर असा हात ठेवला तिच्याबदली?"

ज्याचं बोट, त्याचाच नंबर. अप्पांनी हात ठेवला असता तर अप्पांचीच हजेरी लागली असती. हे वकिलांना ठाऊक नव्हतं, मला होतं. मी ‘मदत केली’ एवढंच म्हणायला हवं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मदतीची वेळ का आली, दुसरी सोय का केली नाही? आणि ड्रॉवर उघडावा लागला असता. समोर बसलेले मालक वकिलांकडं पाहत नव्हते, माझ्याकडं पाहत होते.

मी पंजाकडं बघून होकारार्थी मान हलवली.

वकिलांनी कबुली म्हणून लिहून घेतलं. तो कन्नड कागद मी तिच्यापुढं सरकवला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सही केली. तिला कामावरून काढलं. अप्पांना नुसती ताकीद मिळाली. त्यांच्यावाचून भट्टी चालत नव्हती.

कँटीनमध्ये त्यानंतरही ताटं तीन कमीच. वाढप्याला विचारलं तर तो म्हणाला, "पॅकिंगच्या तिघीजणी भाकरी बांधून आणतात की, सर. भात सोसत नाही त्यांना." एवढंच होतं. हे आधी विचारायचं मला सुचलं नाही. मालकांना मी तेही सांगितलं नाही.

ती नोकरी सोडून आता वर्षं झाली. खोड गेलेली नाही. लग्नाच्या पंगतीतही माझे डोळे माणसं आणि ताटं मोजतात.

गेल्या जूनमध्ये इथल्याच लॅमिंग्टन रोडवर शाळेच्या कपड्यांच्या दुकानात मागून हाक आली, "अण्णा?" अक्काच होती, नातीला घेऊन आलेली. नातीला म्हणाली, "हे आपल्या कारखान्यातले अण्णा. यांनी मला हात दिलावता."

शब्द मराठी होते. अर्थ कुठल्या भाषेतला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मी तिच्याकडं तसंच पाहत राहिलो, शिक्का उजेडाला धरल्यासारखा. शेवटी विचारलंच.

"अक्का, मराठीतलं म्हणतेस का कन्नडातलं?"

तिनं फ्रॉक नातीच्या खांद्याला लावून बघितला. "कागद कन्नडात होता, अण्णा. मला वाचता येतंय. तुम्ही पुढं केला म्हणून वाचला नाही. घरी गेल्यावर वाचला."

"मग तक्रार का नाही केलीस?"

"कुणाकडं करायची?" ती म्हणाली. "तक्रार तुमच्याकडंच द्यायची असते, असं बोर्डावर लिहिलेलं होतं की."

मी तिला सांगितलं, तुझे तीन अर्ज मी नोकरी सोडताना घरी आणले, अजून आहेत.

"आहेत होय?" तिनं फ्रॉकची घडी घातली. "त्यांची पोच तेवढी दिली नव्हती तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही अर्जांवर ‘मिळाले’ असं लिहून सही केली. तारीख कुठली घालावी ते ठरेना. खोटी घालायची सवय होती, या वेळी खरी, त्याच दिवसाची घातली. मग तिच्या घरचा पत्ता शोधायला बाहेर पडलो.