पाणी पाजायची वेळ

मी मुळात भित्रा. आई म्हणायची, याचं काळीज सशाचं. वीस वर्षांचा घोडा झालो, मिसरूड फुटलं, तरी घरात एक काम निघालं की मी अंगणात पळायचो आणि दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहायचो. ते काम म्हणजे डायला पाणी पाजणं.

तारापूरजवळच्या आमच्या गावात घराघरांत दागिन्यांच्या डाय कोरल्या जात. पोलादाच्या ठोकळ्यावर फुलाची, पानाची खोलगट नक्षी कोरायची. सोनार त्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतो, की फूल उमटतं. पण नुसती कोरलेली डाय मऊ असते, कच्ची. ती भट्टीत गुंजेसारखी लाल करून पाण्यात बुडवली, तरच कडक होते. ताव, म्हणजे भट्टीची आच, जरा जास्त झाला तर पाण्यात तडकते. टिक् असा बारीकसा आवाज येतो. तेवढ्या आवाजात कितीतरी दिवसांची मेहनत जाते.

कोरणाऱ्याने स्वतःच्या डायला पाणी पाजायचं नाही, असा आळीचा रिवाज. जीव गुंतलेला असतो, हात कचरतो. म्हणून सगळ्यांच्या डाय माझे बाबा पाजायचे आणि बाबांच्या डाय शेजारचे काका. बाबा मोठे निधड्या छातीचे, असं सगळे म्हणत. त्यांच्या पेटीत कानशी, छिन्न्या आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी असायचं. लहानपणी मी एकदा त्या फडक्याला हात लावला, तर हातावर फटका बसला होता.

मग सोन्यावर सरकारची बंधनं आली. मुंबईच्या पेढ्यांवरून नमुन्यांचे कागद येईनासे झाले. आम्ही ते कागद पाहूनच कोरत असू. स्वतःच्या मनातलं फूल कोणी कोरत नसे. काकांनी हत्यारं विकली आणि समुद्राकाठच्या वीजघराच्या बांधकामावर गेले. भेटले तेव्हा त्यांनी हसत हसत मला बोटं दाखवली. खडी-सिमेंट वाहून ती सुजल्यासारखी जाड झाली होती.

"ह्या हातानं आता कोरनं नाय व्हायचं," ते म्हणाले. हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही. मी घरी येऊन माझी बोटं निरखत बसलो.

बाबांनी माझंही नाव तिकडे घातलं. पौष लागला की कामावर जायचं ठरलं. चुलीत काहीतरी पेटायला हवं, हे मलाही दिसत होतं. पण एकदा हात जड झाला की छिन्नी सुटणार ती कायमची, ही भीती सुटत नव्हती. तशात पालघरच्या बाजारात पितळी, मुलाम्याचे दागिने विकणारा एक व्यापारी भेटला. म्हणाला, "जुनी फुलं दाखवू नको. कुणाकडे नसेल असं काही आण, मग काम देतो." कुणाकडे नसेल असं माझ्याकडे तरी काय होतं?

भाताची कापणी उरकली होती, खाचरांत वाल उगवून आला होता. हवा कोरडी झाली की दरवर्षी आमच्याकडे कामाची झुंबड उडायची, आणि त्या वर्षी ऐरण गप्प. एका सकाळी मी नुसताच किनाऱ्याने चालत होतो. ओहोटी होती. ओल्या वाळूत बारीक खेकड्यांची बिळं होती आणि प्रत्येक बिळाभोवती त्यांनी वाळूच्या इवल्या गोळ्या रचल्या होत्या, मधून बाहेर जाणाऱ्या रांगांत. जन्मभर त्या तुडवत आलो होतो. त्या दिवशी खाली बसलो. हे तर रव्याच्या कामाचं, बारीक मण्यांनी मढवलेलं कर्णफूल! अंगावर काटा आला. आनंदाने आला असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे मी घाबरलो होतो. आता हे कोरावं लागणार होतं.

घरात चांगल्या पोलादाचा एकच ठोकळा उरला होता. मी तो घेतला. बाबांनी दोन-तीनदा भिंगातून पाहिलं.

"खेकड्याचं बीळ?"

"हो."

"बायका हे कानात घालतील?"

मी मान खाली घालून कोरत राहिलो. पौष तोंडावर आला तेव्हा डाय पुरी झाली. मी ती बाबांपुढे ठेवली.

"मी नाय पाजनार," ते म्हणाले.

"मग कोण? काका तर तिकडे गेले."

"तूच पाज. ते दुसऱ्यांचे नमुने असायचे. हे तुजं हाय. माझ्या हातून तडकलं, तर तुला तोंड कसं दाखवू?"

तिन्हीसांजेला आम्ही भट्टी पेटवली, कारण भर उजेडात पोलादाचा रंग दिसत नाही आणि ताव कळत नाही. आई पदर तोंडाला लावून दारात उभी. ठोकळा लाल होत गेला. आता काढू की अजून थांबू? चिमटा घामाने निसटत होता. गुंजेचा रंग दिसला आणि मी डोळे न मिटता डाय पाण्यात सोडली. चर्र झालं, वाफ तोंडावर आली. मी त्या टिक्‌ची वाट पाहत राहिलो.

पाणी शांत झालं, तरी टिक् आलं नाही.

बाबांनी डाय भट्टीच्या उजेडाला धरली, काठावर कानस फिरवली. कानस घसरली, ओरखडा उठला नाही. शाबास म्हणतील असं वाटलं होतं. ते उठले, पेटी उघडली आणि ते तेलकट फडकं माझ्यासमोर सोडलं.

आत एक डाय होती. वालाची वेल, तिला शेंग, शेंगेत दाणे. असा नमुना मी कोणत्याच कागदावर पाहिला नव्हता. मी कानस टेकवली, तर लगेच ओरखडा उठला. डाय कच्ची होती.

"तुझ्याएवढा होतो तवा कोरली," बाबा म्हणाले.

"मग का नाही पाजली?"

"काकाला द्यायची लाज वाटली. हसला असता. आन् सोता पाजायचं भ्या वाटलं."

इतकी वर्षं सगळ्या आळीच्या डाय पाजणारा माणूस हे सांगत होता. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"भट्टी गरम हाय तवर घे," म्हणाले, आणि अंगणात जाऊन, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही कानांवर हात ठेवून उभे राहिले.