साहेबांसमोर गाळलेलं नाव

आईला जाऊन महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं, तर मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसील कचेरीपासूनच सुरुवात करावी लागते.

बोरगावजवळ आमची संत्र्याची बाग आहे. शेजारच्या शेतमालकानं बागेच्या पांदणीवर, म्हणजे गाडीवाटेवर, आडवी तार ओढली. फळ तोडणीला आलेलं आणि गाडी आत जाईना. मालक मोठा माणूस, पुढाऱ्यांत ऊठबस. मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिक्षिका.

"तू बोलजो वं, तुले साजरी हिंदी येते," आई म्हणाली. पदराच्या गाठीत मारुतीचा अंगारा होता. "भ्यायचं नाही. देव उभा हाय आपल्या मांगं."

"रास्ता किसने बंद किया?" तहसीलदार साहेबांनी विचारलं. त्यांना मराठी कळत नव्हतं.

आईनं त्या शेतमालकाचं नाव घेऊन मराठीत सगळं सांगितलं. तो समोरच खुर्चीवर बसला होता. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मॅडम, शाळा दूर तं नाही पडत ना?"

मला बदली दिसली. मी साहेबांना म्हटलं, "पता नहीं साहब, तार लगी हुई है."

पुढची तारीख मिळाली. परतताना आई बसच्या खिडकीतून कपाशी पाहत होती.

"सांगितलं मी," मी म्हटलं.

"देवानं आयकलं. त्याले हिंदी समजते." मग पदराची गाठ घट्ट करत, "मले बी समजते. बोलता येत नाही, एवढंच."

पुढच्या तारखेला ती मला न सांगता एकटीच गेली. त्या दिवशी आपल्या कामानं तहसिलीत आलेल्या शेजारच्या काकूंनी फोनवर हसत सांगितलं, "तुही माय त्याच्याकडं बोट करून म्हणे, साब, येच हाय वो. मेरे पीछे भगवान हाय, इसके पीछे कोन हाय पूछो. सारे हासून राहिले होते." पण साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं. पंचनामा झाला, तार निघाली.

त्याविषयी ती मला कधी काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही.

आईला बागेतच अग्नी द्यायचा होता. त्याच पांदणीनं नेलं. तो माणूसही आला होता, हात जोडून उभा. मी त्याला नमस्कार केला.

परतताना छिंदवाड्याचे मामा म्हणाले, "लेक शिकलेली होती म्हणून हा रस्ता खुला झाला."

मी होकारार्थी मान हलवली. म्हणून आता हे लिहिते आहे. रस्ता तिनं उघडला. मी नाव गाळलं होतं.