नेव्हिल गिल्पिन आणि लवकर आलेली भरती

खणलेला प्रत्येक खड्डा तो टाचेने बुजवतो. सापडलेलं नाणं आधी हुंगतो, मग बघतो. शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या डाव्या खिशात, नाणी उजव्या. कुत्र्यांना नावाने हाका मारतो, त्यांच्या मालकांकडे बघून नुसती मान हलवतो. थर्मासमधला पहिला कप स्वतः पितो, दुसरा मला देतो, आणि मला साखर चालते का हे त्याने अजून विचारलेलं नाही. कुठे काय सापडलं, हे तो बायकोलाही सांगत नाही.

नेव्हिल सत्तरीच्या पुढचा आहे. जन्मभर जहाजाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकले, त्यात डावा कान गेला. निवृत्त झाला त्या आठवड्यात ग्लेनिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला धातू शोधायचं यंत्र आणून दिलं. "सारखा माझ्या स्वयंपाकघरात उभा राहायचा," ती म्हणते. "म्हटलं, समुद्रावर जाऊन उभा राहा."

मी कॉलेज संपवून गावी परत आले आणि बेकरीत कामाला लागले. किनाऱ्यावर तो भेटला.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"काय सापडतं त्यात?"

मी खांदे उडवले. त्याने फावडं माझ्या हातात दिलं. "मग इथे खण."

आमच्या उपसागरात ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की दिसतसुद्धा नाही. मैलोन् मैल ओली वाळू, मध्ये चर. भरती येते ती समोरून नाही, आधी त्या चरांमधून मागच्या बाजूला शिरते. गावातल्या पोरांना चालायला लागायच्या आधी हे सांगितलेलं असतं.

तो ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार होता. आदल्या दिवशी वादळ झालं होतं. वादळानंतर वरची सैल वाळू वाहून जाते आणि जुनं खालचं वर येतं, म्हणून नेव्हिल सकाळीच निघून गेला होता. मी त्यांच्याकडे पाव द्यायला गेले, तेव्हा ग्लेनिस स्टुलावर उभी राहून भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे करत होती. हिवाळ्याची वेळ त्याच पहाटे सुरू झाली होती.

"नेव्हिल कधी येणार?" मी विचारलं.

"दीडला जेवायला. भरती साडेबाराला लागते म्हणाला. तक्त्यात साडेअकरा आहे, एक तास मिळवला की साडेबारा."

भरतीच्या तक्त्यात वर्षभर हिवाळ्याचीच वेळ छापतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून तक्त्यात एक तास मिळवून वाचायचा. सगळं गाव हे झोपेतही करतं.

ग्लेनिसचा हात घड्याळाच्या काट्यावरच राहिला.

"अगं बाई," ती म्हणाली. "आजपासून मिळवायचा नाही ना."

तिने आत्ताच लावलेल्या घड्याळात बारा वाजत आले होते. म्हणजे भरती लागून अर्धा तास होत आला होता.

समुद्राच्या भिंतीला लागून लेस नावाच्या कोळ्याची शेड आहे. तो ट्रॅक्टरमागे जाळी ओढून कोळंबी धरतो. आम्ही पळत गेलो तेव्हा तो कोळंबी उकडत होता. मी सांगितलं.

"हेडफोन लावून बसला असेल बहिरोबा," लेस म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला. शेगडी विझवायलाही थांबला नाही.

भिंतीवरून आम्हाला नेव्हिल दिसत होता. लांब वाळूवर एक ठिपका, वाकलेला, आमच्याकडे पाठ केलेला. त्याच्या पुढे सगळं कोरडं. त्याच्या आणि आमच्या मधला चर मात्र चमकायला लागला होता. लेस हॉर्न वाजवत होता. ठिपका हलेना.

मी तीन वर्षं कविता वाचल्या, त्यातल्या कितीतरी समुद्रावरच्या. त्या भिंतीवर एक ओळ आठवली नाही. ग्लेनिसने माझं मनगट धरलं होतं. तिच्या बोटांना अजून घड्याळावरची धूळ होती.

मग ठिपका उभा राहिला. थोडा वेळ तसाच समोर बघत राहिला. कशासाठी, ते आम्हाला कळेना. आणि वळला.

पळणारा नेव्हिल मी पहिल्यांदाच पाहिला. यंत्र डोक्यावर धरून तो चरात उतरला. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. ट्रॅक्टर चाकं बुडतील एवढ्या पाण्यात घातला होता लेसने. त्याने हात पुढे केला. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण ग्लेनिस माझ्यासमोर आली होती.

ट्रॅक्टर भिंतीशी आला तेव्हा नेव्हिल मागच्या जाळ्यांवर बसला होता. फावडं वाहून गेलं होतं. यंत्र मांडीवर.

ग्लेनिसने आधी त्याची ओली टोपी काढली आणि तीच त्याच्या खांद्यावर मारली.

"त्या डब्याला आधी वर धरलंस, आणि स्वतःला नंतर!"

"डबा अजून नव्यासारखा आहे गं."

"पुढच्या वेळी जाळ्यातच धरून आणीन," लेस म्हणाला. "कोळंबीच्या भावात विकीन."

"कोण घेणार?" नेव्हिलचे दात वाजत होते. "माल जुना आहे."

लेस हसला, आणि हसताना त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी तिथेच भिंतीवर बसले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं थकलेलंही.

स्वयंपाकघरात त्याला घोंगडीत गुंडाळलं. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते त्याने सकाळीच मागे केलेलं होतं, अगदी बरोबर. मग ओठ हलवत हिशेब केला.

"मी मिळवला गं."

"मिळवलास," ग्लेनिस म्हणाली, आणि आधी हसली, मग रडली, आणि मग त्याच्यापुढे गरम जेवण आणून आदळलं.

तो तिथे काय करत होता, हे त्याने बऱ्याच दिवसांनी मला सांगितलं. यंत्र खोलवरच्या कशाला तरी वाजत होतं. लोखंडाचा तुटका आवाज नाही. भरीव, गोल. कोपरापर्यंत खणलं तरी आवाज अजून खालीच होता. तेव्हा जागा लक्षात ठेवून उद्या परत यायचं त्याने ठरवलं. आमच्या वाळूवर खूण टिकत नाही, म्हणून दोन रेघा घेतात. लांबच्या दोन गोष्टी एकामागे एक आल्या की ती एक रेघ. तशीच दुसऱ्या बाजूला दुसरी. दोन्ही जिथे एकमेकींना कापतात, तिथे तुमची जागा. पहिली त्याने पैलतीराकडे बघून घेतली. तिथल्या वीजकेंद्राच्या बरोबर समोर बुडालेल्या बोटीची फासळी आली होती. मग दुसरी घ्यायला, चर्चच्या मनोऱ्याखाली कुठलं धुराडं येतं ते बघायला, तो गावाकडे वळला.

"आणि?" मी विचारलं.

"आणि पाणी. मनोरा बघायला वेळ कुठे होता, पोरी?"

वळला नसता तर? त्याने थर्मासमधला दुसरा कप माझ्यापुढे केला.

तो आता भिंतीजवळच्या वरच्या वाळूवर फिरतो. ग्लेनिस रोज तक्ता मोठ्याने वाचून दाखवते, तो बिनतक्रार ऐकतो. परवा लेसने विचारलं, ती जागा शोधायला येतोस का ट्रॅक्टरवरून. नेव्हिलने वाळूकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. पहिली रेघ त्याला पाठ आहे. पण त्या रेघेत मैलभर वाळू येते, जागा त्यात कुठेही असेल. दुसरी घ्यायची राहिली.