उंबऱ्याबाहेरचा काटा

फोन आला तेव्हा मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहा पीत बीडच्या गाडीची वाट बघत होतो. तिथल्या दवाखान्यात ठेवलेल्या किसनरावांना भेटायलाच निघालो होतो. पलीकडून त्यांच्या पत्नी शांतावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सावकाश या. आता घाई न्हाई." एवढंच. कप हातात तसाच राहिला आणि बीडची गाडी समोरून निघून गेली. किडनीच्या दुखण्यात मित्राच्या हाती असतं तरी काय? खुर्ची ओढून जवळ बसायचं, मागितलं तरी पाणी घोटभरच द्यायचं आणि खोटं खोटं हसायचं. ते मी वर्षभर केलं. आज दीड महिना झाला, तरी डायलिसिसचा वार आला की पाय आपोआप बीडच्या गाडीकडे वळतात.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवायचो. मी मराठी, ते प्राणिशास्त्र. निवृत्त झाल्यावर दोघंही चौसाळ्यातच राहिलो. किसनरावांचं एक वेड होतं, त्याचं नाव अगूटी. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला हा सशाएवढा, नावालाच शेपूट असलेला, कुरतडणारा प्राणी आमच्या अभ्यासक्रमात कुठंही नव्हता. तरी दरवर्षी फळ्यावर नकाशा निघायचा. मेक्सिकोच्या दक्षिणेपासून अर्जेंटिनाच्या उत्तरेपर्यंत हिरव्या खडूनं सगळा मुलूख रंगवून झाला की ते हात झटकायचे आणि म्हणायचे, "आता सांगा, ह्याचे भाऊबंद आपल्याकडं कोण?" मग स्वतःच सांगायचे, "आरं, आपल्या डोंगरातली सायाळ! एकाच खानदानातली हायेत ही. अगूटीचे पूर्वज आफ्रिकेतून निघाले, वाहत्या ओंडक्यांवर बसून समुद्रापार गेले, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हंजी तोडीलाच गेले म्हणा की. फक्त परत आले न्हाईत." वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची.

अगूटी आयुष्यात एकदा तरी बघायचा होता त्यांना. ते काही जमलं नाही. तिकडचं एक भलं मोठं, दगडासारखं टणक फळ असतं, ते तो दातांनी फोडतो. थोडं खातो, उरलेल्या बिया टंचाईच्या दिवसांसाठी जागोजागी पुरून ठेवतो आणि त्यातल्या काही काढायच्या राहून जातात. राहिलेल्यांची झाडं होतात. हे सांगताना किसनरावांचा चेहरा असा व्हायचा, की वाटावं हे स्वतःच जाऊन पुरून आलेत. सायाळ बिया पुरत नाही, पण कंदमुळांसाठी डोंगर उकरते. त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी थांबतं, वाऱ्यानं आलेलं बी अडकतं. आमच्या उघड्याबोडक्या डोंगरावर पहिलं गवत तिथंच दिसतं, हे त्यांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं होतं. मी चिडवायचो, "लोकांची रताळी उपटून खाणाऱ्या जनावराला तुम्ही वन खात्यात चिकटवून टाकलंत." ते म्हणायचे, "पगार घेत न्हाई बिचारी, हे तरी बघा."

त्याच डोंगराच्या पोटात, रस्त्यावरून दिसणाऱ्या एका मोठ्या दगडाखाली सायाळीचं बीळ होतं. त्या बिळावर किसनरावांचा जीव. सकाळी सकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसून यायचे, तोंडाशी पडलेली कुरतडलेली हाडं बघायचे, गळालेले काटे उचलायचे आणि खूश होऊन घरी जायचे. मात्र काटे उंबऱ्याच्या आत न्यायची सोय नव्हती. सायाळीचा काटा घरात आला की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडं पक्कं मानतात आणि शांतावहिनी तर त्यावर अजिबात ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "काटा भाईर, न्हाईतर तुमी भाईर," असा रोकडा कायदा होता. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक निमूटपणे काटे ओट्यावरच्या चपलांच्या फळीवर ठेवायचे.

आणि या काट्यानंच घात केला. डोंगराच्या पायथ्याला दोन सख्ख्या भावांची शेतं आहेत. थोरल्याला एका सकाळी शेतातल्या आखाड्याच्या, म्हणजे गुरं-अवजारांच्या खोपटाच्या दारात, मातीत रुतलेला काटा सापडला. त्याची खात्रीच पटली, की आपल्या घरात कलह लागावा म्हणून धाकट्यानंच तो पुरला. झालं! बोलणं बंद, विहिरीच्या पाण्यावरून शिव्या, एक दिवस तर कुऱ्हाडीपर्यंत गोष्ट गेली. दोघंही किसनरावांचे विद्यार्थी. हे ऐकून ते राहतात कुठले? मला घेऊन आखाड्यावर गेले. दोघा भावांना समोर उभं केलं, मातीतले सायाळीच्या पंज्यांचे ताजे ठसे दाखवले, रताळ्याच्या वाफ्यापासून दारापर्यंत तिची रोजची वाट दाखवली. म्हणाले, "आरं, कुणी पुरला न्हाई ह्यो. आपला केस गळतो तसा तिचा काटा गळतो. रात्री हितून गेली, पडला, बैलाच्या पायाखाली रुतला." थोरल्यानं काटा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजी सर, ह्या समद्याच्या मुळाशी ती सायाळच व्हय?" किसनराव हसत म्हणाले, "तीच!" भावाभावांनी एका ताटात भाकरी खाल्ली. किसनराव तो टोक मोडलेला काटा खिशात घालून घरी आले आणि त्यांनी तो फळीवर ठेवला. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दोघा भावांनी मिळून बीळ धुरावलं. मागची तोंडं दगडांनी बुजवली आणि पुढच्या तोंडाशी गोवऱ्या अन् मिरच्यांचा धूर केला. सायाळीची जोडी होती आणि एक पिल्लू. आम्हाला कळलं ते धाकटा भाऊ स्टीलचा डबा घेऊन दारात आला तेव्हा. "सर, तुमी सांगितलं म्हणून कळलं, न्हाईतर आमी दोघं एकमेकाचा जीवच घेतला असता. ह्यो तुमचा वाटा. लई चवीचं असतंय." तो मनापासून आला होता, याचंच मला जास्त वाईट वाटतं. किसनरावांनी डबा घेतला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो गेल्यावर मी भडकलो, म्हटलं वन खात्यात तक्रार करू. ते म्हणाले, "कुणाची करता? आत्ताशी कुठं ते भाऊ बोलाया लागलेत..." मग हळूच म्हणाले, "मीच बोट दावलं की हो." डबा त्यांनी मागच्या लिंबाखाली खड्डा करून पुरला. मी खोरं धरलं, दुसरं काय करणार होतो? त्या वर्गातल्या नकाशाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढं दुखणं आलं. डायलिसिससाठी बीडला जाता-येता जीप त्या डोंगराखालून जायची. जाताना ते काचेशी कपाळ टेकवून दगडाकडं बघायचे. मी मुद्दाम काहीबाही बोलायचो, ते हं हं करायचे. एकदाच म्हणाले, "औंदा नवा खड्डा एक बी न्हाई, मास्तर." ते गेल्यावर मी एकटा वर जाऊन आलो. जुने खड्डे मातीनं भरत आलेत. बिळाच्या तोंडावर धुराचं काळं अजून तसंच आहे. मला फार राग आला, पण तो काढायला समोर कुणीच नव्हतं. खाली ते दोघं भाऊ एकत्र विहिरीची मोटर दुरुस्त करत होते. त्यांनी मला चहाला हाक मारली आणि मी गेलो.

परवा वहिनींकडं गेलो. ओट्यावरची चपलांची फळी मोकळी दिसली. म्हटलं टाकले असतील काटे, बाईंना पहिल्यापासून नको होतेच. आत गेलो, तर किसनरावांच्या पलंगाच्या उशाशी, चष्म्याशेजारी तोच आखाड्यावरचा, टोक मोडलेला काटा, पुसून ठेवलेला. माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली. पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, काटा घरात आला की भांडणं लागत्यात म्हणत्यात ना... लागू द्या की. येऊ द्या त्येंना भांडाया."